खिंडीतला डबा

६ फेब्रुवारी

आत्या, नमस्कार.

फोनवर तू 'बरं आहे, तू कशी आहेस' याच्या पुढे जात नाहीस, म्हणून सविस्तर लिहिते. दूधगाडीवाला तुझ्या दारावरून जातो, त्याच्याकडे देते आहे. उत्तरही त्याच्याकडेच दे.

मी आता या नेटवर्कच्या कामावर आहे हे तुला बाबांनी सांगितलं असेलच. खिंडीपलीकडच्या वस्तीत फोन लागत नाही. साठेक घरं, शाळा, एक नर्सबाई, आणि कुणाला फोन करायचा तर तुझ्या घरापर्यंत डोंगर चढून यायचं. टॉवर उभारायला कुठली कंपनी तयार नाही. म्हणून आम्ही छपरांवर छोटे डबे बसवतोय. एक डबा शेजारच्या डब्याशी बोलतो, तो पुढच्याशी. मधला एखादा बंद पडला तर बाकीचे दुसरीकडून वाट काढतात. याला मेश म्हणतात, म्हणजे जाळंच.

पण डोंगराला काही वळसा घालता येत नाही. आमच्या ऑफिसची गच्ची आणि वस्तीतलं पहिलं छप्पर, दोन्ही जिथून दिसतात असं घर एकच आहे. तुझं. तिथला डबा बंद पडला तर पलीकडची अख्खी वस्ती मुकी होईल.

तुझ्या छपरावर डबा, एक सोलर पॅनल आणि पडवीत बॅटरीची पेटी, एवढंच ठेवायचं आहे. तुमच्याकडे वीज सारखी जाते म्हणून बॅटरी. ती फक्त डब्यासाठी, तेवढं सांभाळ. काकांना विचारून कळव. ते नाही म्हणाले तर तू हो म्हण.

तुझी चिंगी


१२ फेब्रुवारी

चि. चिंगी, आशीर्वाद.

हे म्हणाले, "छपराला भोकं पाडणार असतील तर पाऊस तिच्या घरात पाडायला सांग." म्हणजे हो म्हणाले. लग्नाला इतकी वर्षं झाल्यावर ह्यांचं 'नाही' कुठलं आणि 'हो' कुठलं ते मला कळतं.

तुझे डबे काय बोलतात ते मला समजलं नाही, पण वस्तीतले लोक फोन करायला आमच्या अंगणात येतात तेव्हा त्यांचे हाल मी बघते. परवा एकजण इथे उभा राहून बापाच्या मरणाची बातमी ऐकत होता. पाणी द्यायला गेले तर माझ्याकडेच बघत राहिला. आपल्या घरात बसून ऐकता आली असती तर बरं झालं असतं.

एक विचारते. ती बॅटरी वीज गेल्यावर किती वेळ चालते? पंखाबिंखा चालतो का तिच्यावर? सहज विचारते. ह्यांना थोडा खोकला आहे, उकाड्यात वाढतो. काळजीचं काही नाही. तुझ्या बापाला सांगू नकोस, तो दुसऱ्या दिवशी गाडी घेऊन दारात उभा राहील.

आत्या


३ मार्च

आत्या,

काम झालं. वस्तीतले एकवीस डबे चालू आहेत आणि सगळे तुझ्या डब्यातून बोलतात. नर्सबाईंनी पहिला फोन मोठ्या डॉक्टरांना केला, शाळेच्या गुरुजींनी बायकोला केला आणि बायको म्हणाली, "आता कारण नाही सांगायचं." साहेब खूश आहेत.

आता कामाचं. माझ्यासमोर स्क्रीनवर प्रत्येक डब्याचा एक ठिपका असतो. चालू असला की हिरवा. शेजारी बॅटरीची रेघ. तुझा डबा आठवड्यात तीनदा बंद पडला. तुमच्याकडची वीज गेली की तुझ्या बॅटरीची रेघ अशी खाली येते, जशी विहिरीत बादली सोडावी. एकटा डबा एवढं खाऊ शकत नाही. दोन दिवस तो न थकता चालायला हवा.

मला वाटलं वायर खराब असेल, म्हणून परवा आमचा माणूस येऊन बदलून गेला. तरी तेच. पेटीत गाडीतल्यासारखं एक सॉकेट आहे, आमच्या माणसांना अवजारं लावण्यासाठी. तिथे कुणी काही लावतं का? बघून सांग. आणि पंख्याचं म्हणालीस तर नाही, पंखा लावू नका.

चिंगी


८ मार्च

चि. चिंगी,

बघितलं. तो पीठगिरणीवाला वस्तीतून येता-जाता इथे टेकतो, त्याने आपले फोन आणि कसलासा दिवा लावला होता म्हणे. मी त्याला बोलले. आता लावणार नाही.

हे बरे आहेत. खाणीत तीस वर्षं दगड फोडलेला माणूस, खोकणारच. तू फोनवर रविवारी येते म्हणालीस, पण या रविवारी नको, घर रंगवायला काढलं आहे, बसायला जागा नाही. पुढे कधीतरी ये.

आत्या


१९ मार्च

आत्या,

हे पत्र मला कामावरची माणूस म्हणून लिहावं लागतंय, भाची म्हणून नाही.

मंगळवारी दुपारी वस्तीत एक बाई बाळंत होत होती. बाळाची मान अडकली होती. नर्सबाई मोठ्या डॉक्टरीणबाईंना फोनवर दाखवत होत्या, त्या एकेक गोष्ट सांगत होत्या, हात कसा घालायचा, कधी थांबायचं. आणि मध्येच फोन तुटला. तुझा डबा बंद पडला होता. बाई आणि बाळ सुखरूप आहेत, पण ते नर्सबाईंच्या हातगुणाने. त्या मला संध्याकाळी म्हणाल्या, "एक तर हे देऊ नका, नाहीतर देऊन असं काढून घेऊ नका."

मी गिरणीवाल्याला फोन करून विचारलं. तो म्हणाला, महिनाभरात तो तुमच्या पडवीत चढलेलाच नाही. मग कोण वापरतंय ते मला विचारायचं नाही. वीज गेल्यावर टीव्ही बघता की आणखी काही, तुमचं तुम्हाला माहीत. पण नातं नात्याच्या जागी. परवा आमचा माणूस येऊन पेटीला कुलूप लावेल. किल्ली ऑफिसात राहील.

दुसरी वाट काढण्यासाठी खाणीच्या कड्यावर आणखी एक डबा मागितला होता. साहेब म्हणाले, पुढच्या वर्षी. तोवर सगळा भार तुझ्याच छपरावर आहे.

चिंगी


२४ मार्च

चि. चिंगी,

कुलूप लावून गेला. माणूस चांगला आहे. चहा घेतला नाही, तू नको म्हणून सांगितलं असशील.

त्या बाईचं आणि बाळाचं ऐकून बरं वाटलं.

आत्या


२ एप्रिल

आत्या,

रागावलीस ना? तुझं पत्र एवढंसं कधीच नसतं. मी जास्त बोलले असेन, पण खोटं बोलले नाही. कुलूप लागल्यापासून तुझी रेघ सरळ आहे, डबा एकदाही बंद पडला नाही. बघ, होतं की नाही?

आता दुसरंच संकट आहे. पश्चिमेच्या जंगलाला आग लागली आहे, तुम्हाला धूर दिसत असेलच. अजून दोन डोंगर लांब आहे. वनखात्याने आमच्या नेटवर्कवरूनच वस्तीला सूचना द्यायचं ठरवलंय. कधी निघायचं, पुलाच्या रस्त्याने की खिंडीच्या, ते सगळं इथून नर्सबाई आणि गुरुजींच्या फोनवर जाणार.

वाऱ्यात तारा एकमेकींवर घासून नवी आग लागू नये म्हणून उद्यापासून वीज कंपनी खोऱ्यातली लाइन बंद ठेवणार आहे. किती दिवस ते माहीत नाही. तू घाबरू नकोस, डबा बॅटरीवर चालेल. धुरामुळे पॅनलला ऊन कमी मिळेल, पण एकट्या डब्याला पुरेल.

चिंगी


४ एप्रिल

चिंगी,

हे जरा झोपलेत, तोवर लिहिते. तुला फोनवर सांगता आलं नसतं, घर दोन खोल्यांचं आणि ह्यांचे कान शाबूत आहेत.

कुलूप मी तोडलं. काल दुपारी, ह्यांच्याच छिन्नी-हातोड्याने. तीन घाव बसले.

ह्यांच्या छातीत दगडाची धूळ आहे. डॉक्टरांनी थंडीच्या आधीच सांगितलं होतं. तेव्हापासून ऑक्सिजनचं मशीन आहे. हवेतूनच काढतं, नळी नाकाला लावायची. विजेवर चालतं. वीज गेली की त्याची आपली बॅटरी तासाभरात मान टाकते. मग हे खाटेच्या कडेला बसतात, दोन्ही हात गुडघ्यांवर, आणि एकेक श्वास ओढून आणल्यासारखा घेतात. ओठ निळे होतात. मशीनबरोबर गाडीत लावायची वायर आली होती. तुझ्या पेटीतलं भोक मी पहिल्याच दिवशी बघून ठेवलं होतं. डब्याला मी हो म्हटलं त्यात वस्तीची दया होती, पण सगळी दयाच होती असं नाही.

ह्यांनी शपथ घातली होती, कुणाला सांगायचं नाही. कळलं तर तुझा बाप खाली नेईल, आणि खाली नेलं की आपण परत येत नाही, असं ह्यांना वाटतं. त्या बाळंतिणीचं तुझं पत्र आलं ते मी ह्यांना वाचून दाखवलं नाही. कुलूप लागल्यावर वीज जायची तेव्हा मी पुठ्ठ्याने वारा घालत बसायचे. वाऱ्याने काही होत नाही, पण हात तरी रिकामे राहत नाहीत.

आता वीज नाही, धूर दारात आला आहे आणि ऊन पिवळं झालं आहे. मशीन आणि डबा दोन्ही चालतील एवढं त्या बॅटरीत नाही. दोघांतलं एक काय बंद करायचं ते तू सांग. मशीन मी बंद करणार नाही, हे आधीच सांगते.

आत्या


५ एप्रिल, सकाळ

आत्या,

रात्री तुझी रेघ खाली जाताना बघत होते आणि मनात तुला बोल लावत होते. दूधगाडीवाल्याने पत्र सकाळी हातात दिलं. बाकीचं नंतर बोलू.

फोन लावला तर काकांनी उचलून "सगळं ठीक" म्हणून ठेवून दिला. म्हणून हे वनरक्षकाच्या हातून पाठवते. खिंडीत नजर ठेवायला तो एकटाच मोटरसायकलवर चाललाय. मागे एक बॅटरी बांधून दिली आहे, तो जोडून देईल. मला रस्त्यावर सोडत नाहीत. रुग्णवाहिका पलीकडच्या डोंगरावर अडकली आहे. परत आली की पहिली तुमच्याकडे येईल, कबूल करून घेतलंय.

तोवर असं कर. मशीन चालू ठेव. डबा बंद ठेव. फक्त दर तासाला, मोठा काटा बारावर आला की डब्याचं बटण दाब. त्याला आपले शेजारी शोधायला दोन-तीन मिनिटं लागतात. हिरवा दिवा लुकलुकायचा थांबला की सापडले. मग दहा मिनिटं चालू दे आणि बंद कर. तेवढ्यात माझे निरोप वस्तीत जातील, त्यांचे इकडे येतील. नर्सबाईंना हे कळवलंय.

डबा बंद ठेवायची जबाबदारी माझी. कुणी विचारलं तर माझं नाव सांग.

कुलूप तोडलंस ते बरं केलंस.

चिंगी


१४ एप्रिल

चि. चिंगी, आशीर्वाद.

तू वरच्या कामात अडकलेली, फोन लागत नाही, म्हणून पत्रच. आम्ही तुझ्या बापाकडे पोचलो. ह्यांना आठवडाभर दवाखान्यात ठेवलं, काल घरी आणलं. त्या दिवशीचं तुला तुटक तुटक कळलं असेल, नीट सांगते.

वनरक्षकाने बॅटरी जोडली आणि तो कड्यावर गेला. मी तू सांगितलंस तसं करत राहिले. घड्याळ मांडीवर घेऊन बसले होते. बटण दाबायचं, दिवा लुकलुकायचा, आणि तो थांबेपर्यंत माझा जीव खालीवर. सूर्य तांब्याच्या पैशासारखा दिसत होता, त्याच्याकडे उघड्या डोळ्यांनी बघता येत होतं. अंगणात राख पडायला लागली. हे मशीन लावून पडले होते. "काय करतेस गं सारखी आत-बाहेर?" म्हणाले. मी म्हटलं, "चिंगीचं काम करते."

चारच्या वेळेला डबा लावला आणि बंद करणार तोच तुझा फोन आला. पुलाचा रस्ता गेला, वस्ती खिंडीकडे निघाली, आता डबा बंद करू नकोस. मी हो म्हटलं.

मग दोन्ही चालू राहिलं. पेटीवरचा आकडा उतरत होता आणि मी त्याच्याकडे बघायचं सोडून दिलं. रस्त्यावर दिवे दिसायला लागले, धुरात, दिवसाढवळ्या. पहिला ट्रॅक्टर आला तो गिरणीवाल्याचा. ज्याच्यावर मी खोटं ढकललं तोच देवासारखा पुढे. मागे ट्रॉलीत पंधरा-वीस माणसं. मी रस्त्यात आडवी झाले. त्याला म्हटलं, "माझ्या माणसाला श्वास नाही." त्याने ट्रॅक्टर पडवीला लावला, इंजिन चालू ठेवलं, ट्रॅक्टरच्या बॅटरीवरून जाड वायरी आपल्या बॅटरीला जोडल्या. आकडा वर चढायला लागला. ट्रॉलीतली माणसं खाली उतरून मागच्या जीपमध्ये, टेंपोत दाटीवाटीने बसली. एका म्हाताऱ्याने तर सांगितलं, "मला जागा नको, मी टपावर बसतो," आणि चढलाही.

गिरणीवाला सगळी वस्ती पुढे जाईपर्यंत थांबला. शेवटी नर्सबाईंची जीप आली. त्यांनी माणसं मोजली होती, सगळी होती. मग ह्यांना खाटेसकट ट्रॉलीत चढवलं, मशीन ट्रॅक्टरला जोडून. निघताना मी डबा बंद करायला गेले, तर नर्सबाई म्हणाल्या, "राहू द्या. मागे कुणी राहिलं असेल तर."

आत्या


२१ एप्रिल

आत्या,

काल खिंडीत गेले. सांगू की नको असं झालं, पण तू विचारशीलच. दगडी भिंती उभ्या आहेत, बाकी काही नाही. पडवी नाही, छप्पर नाही. विहिरीवरचा रहाट राहिला आहे.

तुम्ही खाली पोचलात तेव्हा मी चौकात होते, काकांचा हात धरून. त्यानंतर ऑफिसात गेले तर तुझा ठिपका अजून हिरवा होता. घरात कुणी नाही, रस्त्यावर कुणी नाही, आणि तो चालूच. मी त्याच्यासमोर बसून राहिले. अंधार पडल्यावर विझला. तेव्हा समजलं की घर गेलं.

वस्ती मात्र वाचली, आग खिंडीतूनच वळली. लोक परतलेत. डब्याशिवाय पुन्हा मुके आहेत. साहेबांना मी सगळं लिहून दिलं, मशीनचं, कुलपाचं, तासातासाचं. ते म्हणाले, मशीनचं तू आधीच विचारायला हवं होतंस. खरं आहे. रेघ बघत बसले, माणसं बघायला एकदाही वर आले नाही. आता कड्यावरचा दुसरा डबाही याच वर्षी मंजूर झालाय.

एक गोष्ट मला झोपू देत नाही. सकाळी मीच लिहिलं, डबा बंद ठेव. आणि चार वाजता मीच फोन केला, बंद करू नकोस. मशीनचं काय, हे विचारलंसुद्धा नाही. विचारलं असतं तर तू काय म्हणाली असतीस याची भीती वाटली.

काका कसे आहेत? आणि तुझ्या जागेवर नुसता खांब उभा करू का?

चिंगी


२८ एप्रिल

चि. चिंगी,

मागच्या पत्रात एक गोष्ट गाळली. तुझा बाप शेजारी बसला होता, आणि मलाही लिहवत नव्हती.

तुझा फोन आला तेव्हा मी आवाज मोठा केला होता, बाहेर वारा होता म्हणून. ह्यांनी ऐकलं. मी रस्त्यावर दिवे दिसतात का बघायला गेले, तेवढ्यात हे उठून पडवीत आले आणि मशीनची वायर त्यांनी उपटली. मी परत आले तर हे खांबाला टेकून बसलेले, हात गुडघ्यांवर, तोंड निळं. वायर मुठीत धरलेली. मी ओढायला लागले तर सोडेनात. कुठून ताकद आली कोण जाणे. एवढंच म्हणाले, "पलीकडे साठ घरं आहेत."

मी म्हटलं, "माझं एकच आहे."

एकेक बोट उलगडून मी ती वायर काढून घेतली आणि पुन्हा लावली. त्यांच्या अंगठ्याला माझं नख लागलं, अजून खूण आहे. डब्यालाही मी हात लावला नाही. म्हटलं, बॅटरी संपायची ती दोघांची एकदम संपेल, मी कुणाला निवडणार नाही. मग त्यांच्याजवळ बसले. ट्रॅक्टर येईपर्यंतचा तो वेळ मी आयुष्यात पुन्हा मोजणार नाही.

तेव्हा तू विचारलं असतंस तर मी काय म्हणाले असते, हे मलाच माहीत नाही. तू विचारलं नाहीस ते बरं झालं. त्याचा विचार करत जागू नकोस. सकाळी उठून कामाला जायचं असतं तुला.

काका बरे आहेत. डॉक्टर म्हणतात, आता डोंगर नाही. घर गेल्याचं मी सांगितलं तेव्हा हे नुसतं "हं" म्हणाले. मी त्यांचं सगळं करते, पण त्यांच्याशी नीट बोलत नव्हते. तुझा बाप म्हणतो, "ताई, त्याने एवढं मोठं केलं आणि तू त्याच्यावर राग धरतेस?" मोठं केलं असेल. मला विचारून नाही केलं.

आज सकाळी ह्यांची दाढी करत होते. गालाला साबण लावलेला, हलता येत नव्हतं, तेवढ्यात म्हणाले, "किती दिवस चालणार हे?"

मी म्हटलं, "मला वाटेल तितके."

"बरं," म्हणाले. मग, "पुन्हा तसं झालं तर विचारीन तुला."

मी वस्तरा खाली ठेवला. साबण वाळून गेला, पुन्हा लावावा लागला.

जागेचं विचारलंस. नुसता खांब नको. भिंती आहेत म्हणतेस तर एक खोली उभी कर, दार असलेली, आत बसायला खाट. वस्तीतलं कुणी रात्री-अपरात्री आजाऱ्याला घेऊन खिंडीतून निघालं तर टेकायला जागा हवी. आणि पेटीत त्यांच्यासाठी एक वेगळी बॅटरी ठेव. तिला कुलूप लावू नकोस.

आत्या